अ‍ॅनडेलचे मैदान

डोंगराळ मुलखात दगडांना तोटा नसतो, झाडांना तोटा नसतो, चढउतारांना तर मुळीच नसतो. तेथे दुर्मिळ असते ती सपाट जागा. घर बांधावयाचे तर आधी उतार कापावा लागतो. शेत करावयाचे तर आधी बांध घालावा लागतो. सह्याद्रीच्या कुशीतला शेतकरी उतारावर ताली घालून भाताची खाचरे कशी तयार करतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला सपाट जमिनीचे मोल निराळे सांगावयास नको. मग अशा मुलखात मुलांनी व मोठ्यांनी चेंडू खेळावयाचा कोठे?

हिमालयाच्या उतारावर वसलेल्या सिमला शहराला हा प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर शहराखालच्या एका दरीत मिळाले. त्या दरीचे नाव अ‍ॅनडेल. आशिया खंडातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा याच दरीतल्या मैदानावर वाढली. आज ती स्पर्धा तेथे होत नाही. परंतु तिच्या विजेत्याला मिळणाऱ्या एका करंडकावर सिमल्याचे नाव अद्याप आहे. मैदान जागच्या जागी राहिले आणि खेळ मात्र पुढे गेला, तो कसा, हे जाणून घेण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिमला हे डोंगरावरचे एक लहानसे खेडे होते. १८१४ ते १८१६ या काळात इंग्रज व गुरखे यांचे युद्ध झाले. त्यानंतर हा मुलूख इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आला. मैदानी प्रदेशातल्या उन्हाळ्याने हैराण झालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना येथील थंड हवा मानवली. १८२२ साली कॅप्टन चार्ल्स प्रॅट केनेडी या अधिकाऱ्याने येथे राहण्यासाठी एक घर बांधले. पुढे घरांची संख्या वाढत गेली. १८६४ साली सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. दरवर्षी उन्हाळा आला की सरकारी कचेऱ्या, दप्तरे, कारकून आणि चपराशी असा सारा लवाजमा कलकत्त्याहून निघे आणि डोंगर चढून सिमल्यास येई.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे बावीसशे मीटर उंचीवर एका अरुंद डोंगरधारेवर पसरलेले आहे. घरांच्या ओळी एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. एका घराचे छप्पर आणि वरच्या घराचे अंगण जवळजवळ एका पातळीत येतात. अशा ठिकाणी दोन माणसांना जोडीने चालावयास जागा मिळाली तरी पुष्कळ. पण शहराच्या मुख्य धारेवरून तीन-चार किलोमीटरांची उतरण उतरून गेले की देवदार वृक्षांनी वेढलेली एक मोकळी, बशीसारखी सखल जागा लागते. तीच अ‍ॅनडेलची दरी होय. ती मुख्य शहराहून सुमारे तीनशे मीटर खाली आहे.

हे नाव कसे पडले याविषयी एक आख्यायिका सांगतात. कॅप्टन केनेडीला या दरीचे सौंदर्य पाहून आपल्या बालपणच्या अ‍ॅना नावाच्या मैत्रिणीची आठवण झाली आणि तिच्या नावापुढे दरी या अर्थाचा 'डेल' हा इंग्रजी शब्द जोडून त्याने हे नाव ठेवले, अशी ती आख्यायिका आहे. स्कॉटलंडमध्येही अ‍ॅनन नदीच्या खोऱ्याला अ‍ॅनडेल असेच म्हणतात. तेव्हा दूरदेशी आलेल्या एखाद्या माणसाला आपल्या देशातल्या खोऱ्याची आठवण झाली असावी, असाही तर्क करता येतो.

आरंभी येथे फुटबॉल नव्हता. येथे जत्रेसारखे मेळे भरत, फुलांची प्रदर्शने होत, घोड्यांच्या शर्यती चालत. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांची बहीण एमिली ईडन हिने आपल्या पत्रांत या दरीतल्या दाट झाडीचे वर्णन केले आहे. पुढे येथे पोलो व क्रिकेट खेळले जाऊ लागले. परंतु निसर्गाने दिलेली सपाट जागा या खेळांना पुरेना. तेव्हा व्हाइसरॉयांचे लष्करी चिटणीस लॉर्ड विल्यम बेरेसफर्ड यांनी पुढाकार घेतला आणि हे मैदान वाढविण्यात आले.

डोंगरात मैदान वाढविणे म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावयास हवे. फुटबॉलच्या क्रीडांगणाची लांबी सुमारे शंभर मीटर व रुंदी सुमारे पासष्ट मीटर असते. समजा, एखाद्या जागेचा उतार इतका सौम्य आहे की दहा मीटर चालल्यावर जमीन केवळ एक मीटर खाली जाते. डोळ्यांना हा उतार फारसा जाणवणार नाही. पण शंभर मीटर लांबीच्या क्रीडांगणाचे एक टोक दुसऱ्या टोकापेक्षा दहा मीटर खाली जाईल. दहा मीटर म्हणजे तीन मजली घराची उंची! अशा जागी वरच्या संघाने चेंडूला नुसता स्पर्श केला तरी तो खाली घरंगळत जाईल, आणि खालच्या संघाची मात्र पर्वतारोहणाची परीक्षा होईल.

म्हणून डोंगरात मैदान करताना वरच्या बाजूची माती खणून काढतात व ती खालच्या बाजूला भरतात. भराव ढासळू नये म्हणून त्याच्या कडेला दगडी बांध घालतात. वरच्या डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी मैदानात शिरू नये म्हणून पायथ्याशी चर खणतात. एवढे करूनही काम संपत नाही. सिमल्यास पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो व हिवाळ्यात बर्फ पडते. दरवर्षी बांध तपासावे लागतात, चर उपसावे लागतात, हिरवळ नव्याने जोपासावी लागते. सपाट मैदान हे एकदा केले म्हणजे कायमचे झाले, असे डोंगरात कधीच होत नाही.

ज्या खेळाने अ‍ॅनडेलला कीर्ती मिळवून दिली, तो खेळ त्या वेळी स्वतःच तरुण होता. चेंडूला लाथा मारण्याचे खेळ जगात पूर्वापार चालत आले आहेत. परंतु फुटबॉलचे नियम लेखी स्वरूपात ठरविण्यासाठी इंग्लंडमध्ये संघटना स्थापन झाली ती १८६३ साली. त्यानंतर १८७१ साली तेथे चषकासाठी सामने सुरू झाले. इंग्लंड व स्कॉटलंड येथील कामकऱ्यांच्या वस्त्यांतून हा खेळ झपाट्याने पसरला. त्याच वस्त्यांतील तरुण सैन्यात भरती होत आणि पलटणीबरोबर हिंदुस्थानात येत. त्यांच्या सामानसुमानाबरोबर फुटबॉलही आला. सिमल्याच्या आसपास दगशाई, सबाथू, कसौली, सोलन, जतोग अशा लष्करी छावण्या होत्या. तेथील शिपायांना कवायत संपल्यावर वेळ घालविण्याचे साधन हवे असे. चेंडू एकच, खेळाडू बावीस आणि खर्च अगदी थोडा, असा हा खेळ छावणीच्या जीवनाला मानवला.

या सुमारास सर मॉर्टिमर ड्युरँड हे हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्रचिटणीस होते. त्यांचा जन्म १८५० साली भोपाळजवळच्या सीहोर या गावी झाला होता. इतिहासात त्यांचे नाव एका सीमारेषेमुळे अमर झाले आहे. १८९३ साली अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान यांच्याशी करार होऊन जी हद्द ठरली, तिला 'ड्युरँड रेषा' असे म्हणतात. पण त्यापूर्वीच, १८८८ साली, त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. ते एकदा आजारातून उठून सिमल्यास विश्रांती घेत असता, आरोग्य टिकविण्यास मैदानी खेळांची किती आवश्यकता आहे हे त्यांच्या मनात ठसले, असे सांगतात. सैनिकांच्या फुटबॉल सामन्यांसाठी त्यांनी एक चषक देऊ केला. तोच ड्युरँड चषक होय.

पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स आणि हायलंड लाइट इन्फंट्री या दोन पलटणींची गाठ पडली. दोन्ही पलटणी स्कॉटलंडच्याच! फ्युजिलिअर्सनी तो सामना दोन विरुद्ध एक अशा गोलांनी जिंकला. पराभूत झालेल्या पलटणीने मात्र हार मानली नाही. पुढच्याच वर्षी तिने चषक पटकाविला आणि १८९३, १८९४ व १८९५ अशी सलग तीन वर्षे तो आपल्याकडे ठेवला. जो संघ लागोपाठ तीन वेळा जिंकेल त्याला चषक कायमचा मिळावा, असा रिवाज होता. त्याप्रमाणे तो चषक त्या पलटणीचा झाला. ड्युरँड यांनी दुसरा चषक दिला. १८९७, १८९८ व १८९९ या वर्षी ब्लॅक वॉच या पलटणीने तीन विजय मिळवून तोही नेला! तेव्हा तिसरा चषक देण्यात आला; मात्र तो कोणी कितीही वेळा जिंकला तरी वर्षभरानंतर परत करावयाचा, असे ठरले. अशा चषकाला फिरता चषक म्हणतात.

१९०३ साली कालका ते सिमला हा शहाण्णव किलोमीटरांचा लोहमार्ग सुरू झाला. डोंगर पोखरून, वळणावळणांनी वर चढणारी ती चिमुकली आगगाडी धावू लागली आणि सिमल्यास येणे पुष्कळ सोपे झाले. १९०४ साली सिमल्याच्या रहिवाशांनी या स्पर्धेसाठी आपल्या वतीने एक करंडक दिला. त्याला सिमला करंडक असे नाव पडले. एका अधिकाऱ्याने सुरू केलेल्या आणि शिपायांनी खेळलेल्या स्पर्धेला आता गावानेही आपले मानले, हाच त्या भेटीचा अर्थ होता.

परंतु येथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. हे मैदान भारताच्या भूमीवर होते. सिमल्याच्या चढणींवर माणसांना वाहून नेणाऱ्या रिक्षा ओढणारे, ओझी वाहणारे, रस्ते दुरुस्त करणारे सारे भारतीयच होते. तरी १८८८ पासून १९३८ पर्यंत या चषकावर नाव कोरले गेले ते गोऱ्या पलटणींचेच. पन्नास वर्षांच्या त्या यादीत एकाही भारतीय संघाचे नाव नाही. खेळाचे नियम दोन्ही बाजूंना सारखे असतात. दोहोंकडे अकराच खेळाडू आणि गोलाचे खांबही सारख्याच अंतरावर. परंतु मैदानापर्यंत पोचण्याची वाट सर्वांना सारखी नसते. ज्यांच्याकडे बूट नाहीत, सरावाला सपाट जागा नाही, प्रवासाला पैसा नाही, त्यांना नियमांतली समता पुरत नाही.

तरीही भारतीय तरुणांनी हा खेळ आत्मसात केला. कलकत्त्याच्या मोहन बागान या संघाने १९११ साली ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून तेथील मानाची ढाल जिंकली. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. मुंबईस १८९१ पासून रोव्हर्स चषकाचे सामने होत असत. तेथेही आरंभी लष्करी संघांचेच वर्चस्व होते. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स चषक जिंकला आणि तो जिंकणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळविला. कलकत्त्याच्याच महंमेडन स्पोर्टिंग या संघाने १९३४ पासून १९३८ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे तेथील साखळी स्पर्धेत पहिला क्रमांक पटकाविला. आता ड्युरँड चषक तेवढा राहिला होता.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. पलटणी रणांगणाकडे निघाल्या. १९४० साली ड्युरँड स्पर्धा सिमल्यास न होता दिल्लीस भरविण्यात आली. १२ डिसेंबर १९४० रोजी, जेथे आज मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे राष्ट्रीय क्रीडागार आहे तेथे, अंतिम सामना झाला. एका बाजूस रॉयल वॉर्विकशायर पलटण, दुसऱ्या बाजूस महंमेडन स्पोर्टिंग. महंमेडन स्पोर्टिंगने दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला. चषकावर प्रथमच भारतीय संघाचे नाव कोरले गेले. अ‍ॅनडेलच्या मैदानाला मात्र तो सोहळा पाहावयास मिळाला नाही. जी स्पर्धा त्याने अर्धशतक जोपासली, तिचा हा थोर दिवस त्याच्यापासून शेकडो किलोमीटर दूर उगवला.

यानंतर मैदानाची वाट व स्पर्धेची वाट निराळी झाली. १९४१ साली युद्धकाळातील प्रशिक्षणासाठी अ‍ॅनडेलचे मैदान लष्कराने भाडेपट्ट्याने घेतले. युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, तरी मैदान लष्कराकडेच राहिले. १९८२ साली भाडेपट्ट्याची मुदत संपली. हे मैदान लोकांच्या खेळांसाठी परत मिळावे अशी मागणी हिमाचल प्रदेश सरकारने केली. २०१२ साली या प्रश्नाची बरीच चर्चा झाली. लष्कराचे म्हणणे असे की, सीमेकडे जाणाऱ्या या डोंगराळ प्रदेशात हेलिकॉप्टरे उतरविण्यास आणि आपत्तीच्या वेळी मदत पोचविण्यास अशी सपाट जागा अत्यावश्यक आहे. नागरिकांचे म्हणणे असे की, वाढत्या शहरातील मुलांना धावावयास दुसरी जागा नाही. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. सपाट जागा मात्र एकच आहे. डोंगरात अशा जागेचे मोल किती असते, हे या वादावरून कळून येते. मैदानाच्या कडेला २००६ साली लष्कराने एक संग्रहालय उघडले. तेथे शस्त्रे, गणवेश, पदके व ध्वज पाहावयास मिळतात.

स्पर्धेची वाट पुढे सुरू राहिली. युद्ध व फाळणी यांमुळे पडलेला खंड १९५० साली संपला आणि हैदराबाद सिटी पोलीस या संघाने मोहन बागानवर मात करून चषक जिंकला. भारतीय सेनादलांनी स्पर्धेची व्यवस्था आपल्याकडे घेतली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या काळात १९५६ पासून विजेत्यांना राष्ट्रपती चषकही देण्यात येऊ लागला. अनेक वर्षे हे सामने दिल्लीस होत असत. २०१९ पासून कलकत्ता, म्हणजे आजचे कोलकाता, हे त्यांचे मुख्य ठिकाण झाले. एके काळी केवळ पलटणींसाठी असलेल्या या स्पर्धेत आता देशभरातील संघ उतरतात.

विजेत्या संघाला आजही तीन करंडक मिळतात. ड्युरँड चषक, राष्ट्रपती चषक आणि सिमला करंडक. पहिल्यामागे एका परक्या अधिकाऱ्याचे नाव आहे, दुसऱ्यामागे स्वतंत्र भारताच्या राष्ट्रपतिपदाचे. तिसऱ्यामागे मात्र कोणा एका मोठ्या व्यक्तीचे नाव नाही. तो एका डोंगरी गावाच्या रहिवाशांनी दिलेला आहे. विजयी कर्णधार जेव्हा तो उंच धरतो, तेव्हा देवदारांच्या वेढ्यातले ते मैदान कोलकात्याच्या प्रेक्षकांना दिसत नाही. पण त्याचे ऋण त्या करंडकावर लिहिलेले असते.

मोकळी जागा ही गावाची ठेव असते. ती आहे तोवर तिचे महत्त्व कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्यावर एखादी इमारत उभी राहिली, कुंपण पडले किंवा तिचा उपयोग बदलला, म्हणजे ती किती मोठी होती हे समजते. घर पुन्हा बांधता येते, रस्ता दुसरीकडून नेता येतो. पण पिढ्यान्‌पिढ्यांनी सपाट केलेले, चर खणून व बांध घालून राखलेले मैदान सहजासहजी पुन्हा निर्माण होत नाही. म्हणून ज्या गावाजवळ असे मैदान आहे त्याने ते जपावे, आणि ते सर्वांसाठी मोकळे ठेवावे. अ‍ॅनडेलची पन्नास वर्षे हेच सांगतात की, मैदान सपाट असले म्हणजे अर्धे काम होते; त्यावर उतरण्याची संधी सर्वांना मिळाली म्हणजे उरलेले अर्धे पुरे होते.